गारांची वाट

आर्झेल, ११ मे १९०२

प्रिय अपॉलिनताई,

तुझ्या नवऱ्याने फेकलेला दगड माझ्याकडे आहे. खिडकीत ठेवलाय. कोंबडीच्या अंड्याएवढा आहे, पण माझा समोरचा दात घेऊन गेला. आई म्हणते, आता शिट्टी तरी नीट वाजवशील.

काल आमच्या तोफेवर पाद्रीबाबांनी पवित्र पाणी शिंपडलं. सगळं गाव टेकाडावर जमलं होतं. तोफ म्हणजे लढाईतली नव्हे. पत्र्याचं उभं नरसाळं, दोन माणसांच्या उंचीचं, आणि त्याच्या बुडाशी बिडाची उखळी. गारांचा ढग दिसला की उखळीत दारू ठासायची आणि बत्ती द्यायची. आवाज वर जाऊन गारा मोडतो, खाली नुसता पाऊस पडतो. तोफेवर मुख्य माणूस मी. बाबांना हवं होतं ते काम, पण सरपंचांनी त्यांना वयामुळे नको म्हटलं. तेव्हापासून ते माझ्याशी धड बोलत नाहीत. "तू नसशील तेव्हा मी उडवीन," म्हणाले. मी म्हटलं, "मी कधी नसतो?"

तेवढ्यात मोर्न ओढ्याच्या पुलावर तुमची माणसं आली. पुढे बार्नाबे. ओरडला, "ढग आमच्या अंगावर लोटायला यंत्र आणलंत काय रे?"

आमचे सरपंच म्हणाले, "आणि तुम्ही आजोबा-पणजोबांपासून घंटा बडवून आमच्याकडे लोटताय, ते काय देवपूजा?"

मग दगड आले. मग आमच्याकडचे फावडी घेऊन उतरले. तुमच्या एकाची बोटं मोडलीत, सुताराच्या मुलाची बहुतेक. पूल आता दोन्हीकडून बंद. म्हणून अर्ध्या तासाच्या अंतरावर राहणाऱ्या बहिणीला टपालाने पत्र लिहितोय, ते बाजारगावाला वळसा घालून तुला मिळेल.

रोझिनला तिच्या बोळक्या मामाचा पापा.

ओनेझिम


व्होबेल, १६ मे

ओनेझिम,

तो दगड बार्नाबेचा नव्हता. तो पुलावर गेला होता, पण हात बांधून उभा होता असं त्याने मला सांगितलं आहे. पिंपं बनवणारा माणूस हाताला जपतो, तुला माहीत आहे.

घंटेबद्दल तुमच्या सरपंचांना सांग, ती घंटा आमच्या गावात जन्मलेल्या प्रत्येकासाठी वाजली आहे आणि मेलेल्या प्रत्येकासाठी. ढग आला की बार्नाबे ती वाजवतो, त्याआधी त्याचा बाप वाजवायचा. त्यात तुमचं काय गेलं? मी आर्झेलची मुलगी आहे हे इथे रोज कोणी तरी ऐकवतं. परवा पाणवठ्यावर पाववालीण म्हणाली, "तुझ्या भावाची तोफ केवढ्याला पडली गं? आमच्या द्राक्षांच्या मोलाने ना?" मी तिच्या बादलीत थुंकले. मग आमची झोंबाझोंबी झाली. माझ्या केसांची एक बट तिच्याकडे आहे, तिच्या कानाचा थोडा भाग माझ्याकडे.

रोझिन दिवसभर पुलाच्या आमच्या टोकाला, गारा टळाव्यात म्हणून उभारलेल्या जुन्या दगडी क्रुसाच्या पायरीवर बसून असते. त्यावर कोरलेल्या आकड्यांतून बोट फिरवते, तेवढीच तिची शाळा. वाचता येत नाही, पण बोटाला सगळे आकडे पाठ आहेत.

बाबांना तोफ उडवू देऊ नका. त्यांचा हात थरथरतो.

अपॉलिन


आर्झेल, १७ जून

ताई,

एक गार पडली नाही! काल दुपारी पश्चिमेकडून ढग आला, जांभळा, पोटात पांढरा. मी एकामागून एक बार काढले. कान अजून बधिर आहेत. ढग टेकाडावर आला, थांबल्यासारखा झाला आणि वळला. आमच्याकडे नुसता टपोरा पाऊस. बाबांनी टोपी उडवली, ती नरसाळ्यात पडली आणि पुढच्या बारात जळून गेली. लोक हसून लोळले. सरपंचांनी जुन्या दारूचं पिंप फोडलं. मला खांद्यावर घेऊन नाचवलं. तुला बघायला हवं होतं.

ओनेझिम


व्होबेल, २० जून

ओनेझिम,

तुझं पत्र आलं तेव्हा मी मेलेली बदकं सोलत होते. ती मेलीच आहेत तर खाऊन टाकावीत म्हणून.

तुमच्याकडून वळलेला ढग आमच्यावर आला. वेलींवर पान नाही. साल सोलल्यासारखी खोडं उभी आहेत, ओली, मासासारखी. बार्नाबेच्या भावाची इर्मा मेंढ्यांजवळ होती. तेरा वर्षांची. मेंढ्या झाडाखाली गेल्या, ती एका कोकराला ओढत राहिली. आम्ही गेलो तेव्हा कोकरू तिच्या पोटाखाली जिवंत होतं. तिच्या डोक्याला मागून खड्डा पडला होता. तिला दाराच्या फळीवर घालून आणलं. बार्नाबे फळीच्या पुढच्या टोकाला होता आणि सगळ्या वाटेत तुमच्या टेकाडाकडे बघत होता. ती संध्याकाळी गेली.

आणि तुला खांद्यावर घेऊन नाचवलं.

घंटा शेवटपर्यंत वाजत होती. बार्नाबेच्या तळहाताची कातडी दोरीला राहिली.

अपॉलिन


आर्झेल, २६ जून

ताई,

इर्माचं वाचून मी जेवलो नाही. आधी कळलं असतं तर नाचाबद्दल लिहिलं नसतं. पण मी ढग मोडत होतो गं, ढकलत नव्हतो. दोन्हींत फरक आहे. आहे ना?

आमचा गिरणीवाला तुमच्या हद्दीवरून येत होता. त्याला तुमच्या लोकांनी धरलं. त्याच्या खेचराचे दोन्ही कान कापले आणि गिरणीवाल्याच्या गळ्यात माळ करून घातले. त्यालाही इतकं मारलं की अजून लघवीतून रक्त जातं. मग आपल्या पोरांनी तुमचं गवत जाळलं. मी होतो का विचारू नकोस.

आई सगळ्यांना मूर्ख म्हणते. "गारांची वाट ठरलेली असते. माझ्या आजीच्या लग्नातसुद्धा ओढ्यापलीकडेच पडल्या होत्या," म्हणते. बाबा तिला म्हणाले, "म्हातारे, मग ही तोफ काय चिमण्या उडवायला आणली?" आई म्हणाली, "चिमण्याही उडत नाहीत तिने."

शरद ऋतूत आमची द्राक्षं निघाली की दोन पिंपं दारू तुला पाठवीन. बार्नाबेला सांगू नकोस कुणाची.

ओनेझिम


व्होबेल, ९ जुलै

ओनेझिम,

दारू नको. एकच गोष्ट दे. तोफ सोड.

कारण विचारू नकोस. आजारी पड, सरपंचाशी भांड, पाय मुरगळला म्हण. द्राक्षं उतरेपर्यंत त्या टेकाडावर जाऊ नकोस. नाही तर इकडे ये, आमची खोडं छाटायची आहेत, माणूस हवंच आहे. पुलावर तुला कोणी हात लावणार नाही हे मी बघीन. मी तुला लहानपणी ओढ्यातून बाहेर काढलं होतं, तेव्हा तू काय देशील म्हणून विचारलं नव्हतं. आता मागते.

बार्नाबे इर्माच्या मातीनंतर माझ्याशी फारसं बोलत नाही. कामाला बसतो, उठतो, जेवतो. इतकंच.

अपॉलिन


आर्झेल, १४ जुलै

ताई,

पत्र तुझं, पण शब्द कोणाचे ते मला कळलं. बार्नाबेला सांग, तुझा मेहुणा बायकोच्या पदराआडून पाठवलेल्या धमकीला घाबरत नाही. मला टेकाडावरून काढलं की तोफ मुकी होईल असं वाटतं का त्याला? मी नसलो तर बाबा आहेतच, टपून बसलेत.

आज राष्ट्रीय सणाला तोफेचा एक बार काढा म्हणून पोरं मागे लागली होती. मी नाही म्हटलं, दारू ढगासाठी राखून ठेवलीय. महिनाभर आभाळ कोरडं आहे. पण येईल ढग. आला की मी तिथेच असेन.

खोडं छाटायला येईन, पण द्राक्षं उतरल्यावर, आणि मान वर करून.

ओनेझिम


व्होबेल, २२ जुलै, सकाळ

ओनेझिम,

हे भांडीवाल्याच्या हाती पाठवते, त्याला दोन्ही गावं पुलावरून जाऊ देतात. बार्नाबेने माझा हात मोडला. पिंपाच्या हातोड्याने. रोझिन बघत होती. मला आईकडे घेऊन जा. आज ये. एकटा ये. दुपारच्या आत ये.

अपॉलिन


आर्झेल, २७ जुलै

अपॉलिन,

आईच्या सांगण्यावरून लिहीत नाही. आईला माहीत नाही.

मी एकटा आलो नाही हा माझा गुन्हा. चिठ्ठी वाचली तेव्हा दोघे चुलतभाऊ जवळ होते. वाटेत बाबा भेटले, मी म्हटलं, "ताईला आणायला चाललोय." ते म्हणाले, "जा, मी आहे टेकाडावर." त्यांचा चेहरा इतका उजळला की मी दुसरं काही बोललो नाही. पश्चिमेकडे अंधारलं होतं ते दोघांनाही दिसत होतं.

पुढचं तुझ्या समोर झालं. पण मला कसं दिसलं ते तुला सांगायचंय. तू दारात उभी होतीस, हात शालीत गळ्याला बांधलेला. बार्नाबे पिंपाला लोखंडी पट्टीची कडी चढवत होता. मी म्हटलं, "बायकोवर हातोडा उचलतोस?" त्याने वर पाहिलं आणि म्हणाला, "कोण?" एवढंच. मग त्याने तुझ्याकडे पाहिलं, तुझ्या शालीकडे पाहिलं. आणि गप्प झाला. हातोडा खाली ठेवला. ताई, मी आयुष्यात माणसांना बडवलंय, पण मार खायला बसलेला माणूस पहिल्यांदा पाहिला. दोघांनी धरला, तशी गरजच नव्हती. मी त्याच्याच हातोड्याने त्याची दोन्ही हातांची बोटं ऐरणीवर ठेवून मोडली. एकेक. वाटलं, तू ओरडशील, पुरे म्हणशील. तू दाराची चौकट धरून उभी. मग कडीच्या टोकाने डोळा गेला, तो मुद्दाम नव्हता. तरी तो ओरडला नाही. तोंडातून रक्त गाळत तुझ्याकडे बघत राहिला.

तेव्हा टेकाडावरून पहिला बार झाला. दुसरा. आणि तिसरा बार बार नव्हता. आपल्या सगळ्यांना कळलं ते. तू तेव्हा ओरडलीस.

बाबांचं कमरेच्या वरचं काही एका जागी सापडलं नाही. पेटीत दगड घालावे लागले, म्हणजे उचलणाऱ्यांना हलकी लागू नये.

मातीला तू एकटी आलीस. पुलावर तुला कोणी अडवलं नाही. कबरीपाशी आई कोसळली, तेव्हा तू तिला दोन्ही हातांनी उचलून धरलंस. दोन्ही हातांनी.

गावात सगळे म्हणतात ओतकाम कच्चं होतं. पण लोहाराने उखळीचे तुकडे पाहिले आणि मला एकट्याला बाजूला घेतलं. एका तुकड्याची कड फाटलेली नाही. सरळ आहे, कानस चालवल्यासारखी. खाच दिसू नये म्हणून भरलेली चरबी आणि काजळी. "इतकी सफाई लोहाराची नव्हे," तो म्हणाला, "पिंपांच्या कड्या घासणाऱ्याची आहे." मी त्याला गप्प राहायला सांगितलंय. किती दिवस राहील माहीत नाही.

मला कोणाला विचारायचं नाही. तुझ्याकडून ऐकायचंय. तू मला का बोलावलंस?

ओनेझिम


व्होबेल, ३० जुलै

ओनेझिम,

माझा हात मोडला नव्हता. बार्नाबेने लग्न झाल्यापासून माझ्यावर हात टाकलेला नाही. पहिला दगड मात्र त्याचाच होता, तेव्हाही मी खोटं लिहिलं.

जुलैच्या सुरुवातीला एका पहाटे तो घरी आला तेव्हा त्याच्या बाह्यांवर लोखंडाचा कीस चमकत होता. मी विचारलं नाही. शर्ट धुताना चरबीचा वास आला, मग मी विचारलं. तो म्हणाला, "पुढच्या ढगाला ती पुन्हा बोलणार नाही." मी म्हटलं, "तिथे माझा भाऊ उभा असतो." तो म्हणाला, "इर्मा कोणाची कोणी नव्हती काय?" मग म्हणाला, "त्याला काढ तिथून. कसंही काढ. मी आड येणार नाही." म्हणून ते पत्र लिहिलं. त्यात शब्द माझेच होते.

खरं लिहिलं असतं तर तुम्ही पूल ओलांडून आला असता आणि त्याला दारात फाडलं असतं. तू आला असतास सगळ्यांच्या पुढे. मग तुझं डोकं सरकारने उतरवलं असतं. दोन्ही माणसं माझी. एकाला वाचवायला दुसऱ्याला विकायचं नव्हतं. त्या सकाळी ढग दाटताना पाहिला आणि मला दुसरं काही सुचलं नाही. तू एकटा येशील, तुला खोलीत कोंडीन, आधी शपथ घेईन, मग सांगीन, एवढंच ठरवलं होतं.

तुम्ही तिघे आलात. मी तोंड उघडलं असतं, हात धड आहे म्हटलं असतं, तर तू पहिला प्रश्न हाच विचारला असतास जो आता विचारतोयस. आणि तुझ्या हातात हातोडा होता. बार्नाबेलाही ते माझ्या शालीकडे बघताच कळलं. म्हणून तो गप्प राहिला. बोटं मोडून घेणं त्याला स्वस्त वाटलं असेल. मी मनात म्हणत होते, बोटांवर भागू दे, बोटांवर भागू दे.

बाबांचा विचार माझ्या मनात आलाच नाही. तू पत्रात लिहिलं होतंस, ते टपून बसलेत. मी वाचलं होतं. तरी आला नाही. हे एवढं मला कोणी माफ करू नये.

बार्नाबे पोलिसांना शिडीवरून पडलो म्हणाला. कोणाचाच विश्वास बसला नाही, कोणी काही लिहून घेतलं नाही.

आता तू येशील. मी दाराला खीळ घालणार नाही, त्यानेच सांगितलंय. फक्त रोझिन घरात नसताना ये. ती बहुधा क्रुसावर असते.

अपॉलिन


आर्झेल, ६ ऑगस्ट

ताई,

काल मी आलो होतो. तुझ्या दारात जो कोयता सापडला तो बाबांचा आहे, वेली छाटायचा. सकाळी त्याला धार लावली. आईने विचारलं, "काय कापायचंय?" मी म्हटलं, "फांदी." ती म्हणाली, "तुझ्या बहिणीला सांग, आली नाही तरी चालेल, पण तिला जगू दे." तिला सगळं माहीत आहे. कसं, ते मला माहीत नाही.

पुलावर पोचलो तेव्हा ढग आला. तसाच, जांभळा, पोटात पांढरा. मी मागे टेकाडाकडे पाहिलं. तिथे आता जळलेल्या मातीचा खड्डा आहे. मग तुमच्या घंटेची वाट पाहिली. घंटा वाजली नाही. नंतर भांडीवाल्याने सांगितलं, तू देवळात दोरी धरून उभी होतीस आणि ओढत नव्हतीस.

रोझिन क्रुसाच्या पायरीवर बसली होती. मी तिला उचलून क्रुसाच्या चौथऱ्याखालच्या कोनाड्यात घातलं आणि वर ओणवा झालो. माझं तोंड दगडाला लागलं होतं. तिथे ते आकडे. तिचं बोट फिरून फिरून गुळगुळीत झालेले. अमुक साली गारा पडल्या. त्याखाली आणखी एक वर्ष, आणखी एक. आपल्याकडे राजा होता तेव्हाची. तोफेचं सोड, तुमची आत्ताची घंटा ओतली गेली त्याच्याही आधीची. लोकांनी क्रूस उभारला तो ओढ्याच्या तुमच्याच काठावर का, हे मी कधी विचारलं नव्हतं. तुमच्याकडेही कोणी विचारलं नसावं. रोज त्याच्या पुढून जाता.

गारा ओढ्याच्या काठाकाठाने गेल्या. पलीकडे आमच्या बाजूला रस्त्यावर धूळ उडत होती. इकडे माझी पाठ फुटत होती. ना तोफ, ना घंटा. आई म्हणते ती वाट.

मग मला बार्नाबे दिसला. वेलींच्या मधोमध उभा होता, डोक्यावर काही नाही, फडकी गुंडाळलेले हात दोन्हीकडे लोंबत. चेहरा वर केलेला. उरलेल्या डोळ्यानेही काही दिसत नसेल, इतकं रक्त होतं. मी धावलो. खरं सांगतो, त्याला वाचवायला नाही. मला वाटलं, हा गारांच्या हाती मेला तर माझं काय? मी त्याच्या मानेला धरलं, कोयता उचलला. तो म्हणाला, "ओनेझिम का? बरं झालं. इर्मालाही असंच मागून लागलं होतं."

तेवढ्यात माझ्या मनगटावर गार बसली आणि कोयता खाली पडला. मी तो पुन्हा उचलला. पुन्हा उचलल्यावर काय करायचं ते सुचेना. त्याच्या खांद्यावर पडणारी प्रत्येक गार मला ऐकू येत होती, ओल्या कापडावर काठी पडल्यासारखी. मग मी त्याची कॉलर धरली आणि त्याला ओढत नेलं, मेलेलं डुक्कर ओढतात तसं. दारात टाकला. वाटेत लाथाही मारल्या. तेही सांगून ठेवतो, उगाच काही चांगलं समजशील. मग परत जाऊन रोझिनला आणलं आणि निघून आलो. कोयता राहिला.

लोहाराला मी सांगितलंय की ती कड कानशीची नव्हे, ओतकामाचीच. तो म्हणाला, "मेला तो तुझा बाप." मी म्हटलं, "हो. माझा." सरपंच नवी तोफ आणायचं म्हणतायत. मी पंचायतीत आकड्यांचं सांगितलं. त्यांनी मला हाकलून दिलं. गिरणीवाला म्हणाला, "दोन-चार गारा डोक्यात बसल्या वाटतं." आणतील ते तोफ. तुमचे लोक घंटा वाजवतील. मला त्यात घेऊ नका म्हणालो.

कोयता परत पाठवू नकोस. खोडं आत्ताच छाटली नाहीत तर पुढच्या वर्षीही काही धरणार नाही, आणि त्या माणसाच्या बोटांनी आता चमचा धरवणार नाही. सोमवारी येतो. जेवायला बसवू नकोस, त्याच्यासमोर मी बसणार नाही. पाणी ओढ्याचं पिईन. त्याला बांधावर बसव आणि कुठली फांदी ठेवायची, कुठली काढायची ते सांगायला लाव. तुमच्या वेलींची मला माहिती नाही.

ओनेझिम